दोन टक्के कातडी

मूठ मिटणे हे एक काम आहे, याची आम्हाला साठी उलटेपर्यंत कल्पना नव्हती. पस्तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवताना आमच्या उजव्या हाताने खडू धरला, उत्तरपत्रिका तपासल्या, क्वचित टेबलावर आपटूनही घेतले. पण त्याने मिटावे म्हणून त्याची मनधरणी करण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. गेल्या वर्षीच्या श्रावणात तो आला. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे ज्याला औरंगाबाद म्हणत आम्ही सारी नोकरी केली त्या शहरात, नळाला पाणी येण्याचा दिवस हा घरोघरी एक लहानसा सणच असतो. त्या सणाच्या धांदलीत, गच्चीवरची टाकी भरली की नाही ते पाहून खाली येताना आम्ही शेवटच्या तीन पायऱ्या एकदम उतरलो. दोष पायऱ्यांचा नव्हता. आमचे लक्ष वर, टाकीकडे होते. पडताना माणूस हात पुढे करतो, तसा आम्हीही केला, आणि मनगटाजवळचे हाड मोडले. या मोडीला अब्राहम कॉलिस या डब्लिनच्या शल्यचिकित्सकाचे नाव आहे. त्याने १८१४ साली तिचे वर्णन केले, तेव्हा क्ष-किरणांचा शोध लागायला आणखी ऐंशीहून अधिक वर्षे अवकाश होता. केवळ वरून पाहून आणि चाचपून आतले हाड कोठे मोडले ते त्याने सांगितले होते. ही गोष्ट तेव्हा आम्ही नुसती वाचली. तिचे महत्त्व पुढे कळले.

हाडाची हकीकत सरळ आहे. ते बसवले गेले, कोपराखालपासून बोटांच्या मुळांपर्यंत प्लास्टर घातले गेले आणि सहा आठवड्यांनी काढले गेले. क्ष-किरणचित्रात हाड नीट जुळलेले दिसले. आमच्या समजुतीप्रमाणे गोष्ट येथे संपायला हवी होती. परंतु प्लास्टरमधून जो हात बाहेर आला तो ओळखीचा वाटेना. कातडी कोरडी, काळवंडलेली, पापुद्रे सुटणारी. मनगट वाकेना, ते एक वेळ समजण्यासारखे होते, कारण ते सहा आठवडे कोंडलेले होते. पण बोटे तर मोकळी होती! 'बोटे हलवत राहा' असे आम्हाला बजावूनही सांगितले होते. दुखते म्हणून, आणि हलवल्याने आत काही निसटेल या भीतीने, आम्ही ती हलवली नव्हती. सुजलेली बोटे ज्या अर्धवट वाकलेल्या स्थितीत विसावली होती, तेथेच ती थांबली. मूठ करायला सांगितले की त्यांची टोके तळव्यापासून दोन बोटे अंतरावर अडत.

ज्या फिजिओथेरपिस्टकडे आम्हाला पाठवले ती आमचीच एके काळची विद्यार्थिनी निघाली. कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखेला आम्ही काही वर्षे मराठी शिकवत असू. त्या तासाला आपण मागच्या बाकावर जीवशास्त्राच्या आकृत्या काढत होतो, हे तिने पहिल्याच दिवशी कबूल करून टाकले.

"सर, मूठ करा."

"होत नाही गं."

"कुठे अडतंय?"

"आत. सांध्यात," आम्ही म्हणालो. दुसरे कोठे अडणार?

तिने आमचा हात उलटा केला आणि पुन्हा मूठ करायला लावली. बोटे मिटू लागली तशी हाताच्या पाठीवरची, बोटांच्या मुळांवरची कातडी ताणून चकाकू लागली आणि पांढरी पडली. तिने त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवले. "सांध्यात अडतंयच. पण ही कातडीसुद्धा पुरत नाहीये, सर."

पुरत नाही! पगार पुरत नाही, कापड पुरत नाही, दिवस पुरत नाही, हे सारे आम्ही ऐकले होते. स्वतःच्या हाताला स्वतःची कातडी पुरत नाही हे वाक्य नवीन होते. आणि मराठीच्या मास्तराला एखादे वाक्य नवीन वाटले की तो त्याच्या मागे लागतो.

वाचकांनी एक लहानसा प्रयोग करून पाहावा. आपले बोट सरळ ठेवून त्याच्या मधल्या सांध्याच्या पाठीकडे पाहा. तेथे बारीक सुरकुत्यांचा एक पुंजका दिसेल. आता बोट मिटा. सुरकुत्या नाहीशा होतात आणि सांध्यावर गुळगुळीत, ताणलेली कातडी उरते. सांध्याच्या दोन्ही बाजूंना पेनने दोन ठिपके दिले, तर बोट मिटताना ते एकमेकांपासून दूर सरकलेले दिसतात. म्हणजे त्या सुरकुत्या म्हणजे म्हातारपणाची खूण नव्हे. ती साठवलेली कातडी आहे. लुगड्याला निऱ्या असतात त्या शोभेसाठी नसतात, पाऊल टाकायला कापड मिळावे म्हणून असतात. निऱ्या एकमेकींना शिवून टाकल्या तर लुगडे तेवढेच राहील, त्याच्या वारात कणाचाही फरक पडणार नाही. पण ते नेसलेल्या बाईला उंबरा ओलांडता येणार नाही. आमच्या बोटांचे काहीसे तसेच झाले होते.

हाताची पाठ आणि तळवा यांतला भेदही आम्ही या वयात प्रथम पाहिला. पाठीवरची कातडी पातळ आणि सैल असते. चिमटीत धरून उचलता येते, इकडेतिकडे सरकवता येते. तळव्याची कातडी जाड आणि आतल्या पडद्याला तंतूंनी जखडलेली असते. ती सरकत असती, तर हातात धरलेली कुऱ्हाड किंवा खडू हातातच फिरला असता. तळव्यावर ज्या रेषा असतात त्या घडीच्या जागा होत. गर्भातच, मूल जन्माला येण्याच्या कितीतरी आधी, त्या उमटलेल्या असतात. आपल्या पूर्वजांनी त्यांत आयुष्य, विद्या आणि संतती वाचली. त्या मुळात एवढेच सांगतात की हा हात येथे मिटेल.

मोडलेल्या हाताला सूज येते ती मुख्यतः पाठीवर दिसते, कारण तेथेच सैल जागा असते. सूज त्या सैल कातडीत भरते आणि मूठ मिटण्यासाठी राखून ठेवलेली कातडी आधीच खर्च करून टाकते. त्या ओढीने बोटे मुळाशी सरळ होतात आणि पुढे वाकतात. पक्ष्याच्या पंजासारखा हात दिसू लागतो. म्हणूनच हात बांधून ठेवायची वेळ आली तर जाणकार तो एका विशिष्ट स्थितीत बांधतात: मनगट किंचित मागे, बोटांची मुळे वाकलेली, बोटे पुढे सरळ. याचे मुख्य कारण सांध्याच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध आहेत; ते आखडायचे असतील तर लांब स्थितीत असतानाच काय ते राहोत, हा हेतू. पण त्याच स्थितीत पाठीवरची कातडीही लांबलेली राहते. या स्थितीत हात ठेवणे मुळीच सुखाचे नसते. "ज्या स्थितीत बरं वाटतं ना, सर, त्याच स्थितीत हात आखडतो," असे आमची विद्यार्थिनी म्हणाली. आम्ही हे वाक्य वहीत टिपून घेतले. डाव्या हाताने, मुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलाच्या अक्षरात.

एवढे झाल्यावर आम्ही, सवयीप्रमाणे, वाचायला बसलो. आणि वाचताच आमच्या उत्साहावर पाणी पडले. सांधा ताठ का असतो, त्यात कोणाचा वाटा किती, हे रिचर्ड जॉन्स आणि व्हर्ना राइट या दोघांनी १९६२ साली मांजराच्या मनगटावर मोजलेले आहे. पद्धत हिशेबाला सोपी: सांधा हलवायला किती जोर लागतो ते मोजायचे, मग एकेक ऊती बाजूला करत पुन्हा मोजायचे, आणि जो फरक पडेल तो त्या ऊतीच्या नावावर मांडायचा. त्यांचा ताळेबंद असा: सांध्याचे वेष्टण ४७ टक्के, स्नायू व त्यांवरील पडदे ४१ टक्के, कंडरा १० टक्के. कातडी २ टक्के.

दोन टक्के! उत्तीर्ण व्हायलाही पस्तीस लागतात. दुसऱ्या दिवशी आम्ही ते आकडे छापून घेऊन गेलो आणि, सांगायला लाज वाटते, विद्यार्थिनीला खोटे पाडल्याच्या आनंदात तिच्यापुढे ठेवले. तिने कागद वाचला, परत दिला आणि आमची बोटे ओढायला घेतली.

"सर, ती मांजर धडधाकट होती."

या उत्तराचा अर्थ पुरता लागायला आम्हाला आठवडा लागला. आकडा खरा आहे. पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तो प्रश्न आमचा नव्हता. निरोगी सांधा, आणि तोही हालचालीच्या मधल्या टप्प्यात, म्हणजे जेथे कातडीच्या निऱ्या अजून उलगडायच्याच आहेत, तेथे कातडी अडवील कशाला? कातडीच्या आत कोलॅजनचे तंतू नागमोडी पडलेले असतात. ओढ लागली की आधी ते नुसते सरळ होतात आणि त्याला फारसा जोर लागत नाही. सगळे सरळ झाले की मग मात्र कातडी एकदम दोरखंडासारखी ताठ होते. निरोगी हातात ही वेळ सहसा येतच नाही. ती येते जेथे राखीव कातडी सुजेने खाल्लेली आहे, जेथे ती खालच्या थराला चिकटली आहे, जेथे जखमेचा वण आहे. तेथे त्या दोन टक्क्यांचे किती होतात हे धडधाकट मांजराला विचारून कळणार नाही. शिवाय हालचालीच्या अखेरच्या टप्प्यात जो अडवतो त्याचा वाटा लहान असला, तरी अडवणारा तोच असतो. दारात उभ्या असलेल्या माणसाचे वजन घरातल्या सामानाशी तोलून उपयोग नसतो.

हेही न्यायाने सांगितले पाहिजे, की स्थिरतेने आखडणाऱ्या सांध्यात मुख्य वाटा कातडीचा नसतो. कॅनडातील गाय ट्रुडेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांचे गुडघे २ ते ३२ आठवडे बांधून ठेवले, तेव्हा सुरुवातीला स्नायूंमुळे आणि पुढे पुढे खुद्द सांध्याच्या वेष्टणामुळे गुडघा अडतो, असे त्यांना दिसले. त्याआधी एकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सशांचे गुडघे बांधून सांध्याभोवतीच्या ऊती तपासल्या होत्या. तेथे पाणी कमी झाले होते, तंतूंमध्ये वंगणासारखे राहणारे द्रव्य घटले होते आणि तंतू एकमेकांना नको तेथे जोडले गेले होते. तंतू एकमेकांवरून घसरण्याऐवजी एकमेकांना धरून बसले होते. 'सांधा धरला' असे आपण म्हणतो ते किती अचूक आहे! कोणी धरला, हे मराठी सांगत नाही. पण धरला आहे, म्हणजे आतून कोणी सोडत नाही, एवढे तिला ठाऊक आहे.

आमच्या पैठणकडच्या गावी, विहिरींवर इंजिने येण्याआधी, चामड्याची मोट असे. पावसाळ्यात ती माळ्यावर टाकलेली असायची. सुगीनंतर काढली की ती ज्या घडीत पडली असेल त्या घडीत लाकडासारखी झालेली असे. मग आजोबा ती भिजत घालत, तेल चोळत, पायाने तुडवत, आणि दोन दिवसांनी मोट पुन्हा मोट होई. आम्हाला वाटले, आपल्या हाताचे तेच झाले आहे. तेल लावावे, भिजवावे, झाले. पण मोटेचे चामडे मेलेले असते. ते वाळते आणि भिजते, एवढेच. जिवंत कातडी मागणीप्रमाणे घडत जाते. गरोदर बाईच्या पोटावर ती वाढते, कारण तेथे रोज थोडी मागणी वाढत असते. मागणी थांबली की ती पुरवठा कमी करते. पडून राहिलेल्या हाताला जेवढी लागते तेवढीच कातडी, असा तिचा व्यवहार असतो. ती विसरते असे म्हणणे तिच्यावर अन्याय होईल. आम्ही तिला जे सहा आठवडे शिकवले तेच तिने नीट पाठ केले होते.

एक दिवस विद्यार्थिनीने आम्हाला दुसऱ्या एका रुग्णाकडे नजरेने खुणावले. एक तरुण मुलगी, तळवा भाजलेला, बोटांना प्लास्टिकची पट्टी बांधून सरळ ठेवलेली. "यांच्यात सगळा खेळ कातडीचाच असतो, सर. जखम भरते, पण भरताना ओढत जाते. पट्टी काढली की महिन्याभरात बोटं तळव्यात जातील." आम्ही त्या मुलीच्या हाताकडे पाहत राहिलो, आणि पन्नास वर्षांपूर्वीचा एक हात आमच्यापुढे आला.

१९७२चा दुष्काळ सरून १९७३ साली बरे पीक आले होते. त्या दिवाळीला आमच्या घरी बऱ्याच काळाने कढई चढली. करंज्यांच्या शेवटच्या घाण्याला कढई कलंडली आणि ती सावरायला गेलेल्या आईच्या उजव्या हातावर तेल सांडले. करंगळीच्या बाजूला, तळव्यात आणि दोन बोटांवर. कोरफड लावली, मग पिवळे मलम लावले, वर जुन्या धोतराची पट्टी. पट्टी मूठ मिटवूनच बांधली गेली, कारण तसा हात ठेवला की आईला बरे वाटे. जखम भरायला दोन महिने लागले. भरली, म्हणून घरात सगळ्यांना हायसे वाटले. करंगळी आणि अनामिका मात्र तळव्याकडे वळून राहिल्या होत्या. 'शिरा आखडल्या' असा निर्णय आत्याबाईंनी दिला. तो निर्णय कोणी तपासून पाहिला नाही. पुढे आम्ही शिकलो, एम. ए. झालो, शहरात राहू लागलो, शब्दांच्या व्युत्पत्ती तपासत बसलो. पण आईच्या शिरा तपासल्या नाहीत.

आईने त्या दोन बोटांना नाव ठेवले होते, 'माझी आकडी'. पिशवीचा बंद, दुधाच्या बरणीची कडी ती त्या आकडीत अडकवी आणि उरलेल्या तीन बोटांनी दुसरे काम करी. आम्हा भावंडांना ते कौतुकाचे वाटे. भाकरी थापताना ती आकडी पिठाबाहेर उचलून धरलेली असे. फक्त संक्रांतीला कासार आला की आईचा चेहरा बदले. कासार हात चेपतो, बोटांवरची कातडी मागे सारत सारत बांगडी पुढे नेतो. 'वैनी, हात सैल सोडा,' असे तो म्हणे. डावा हात सैल सुटे. उजव्या हातावर बांगडी त्या दोन वाकलेल्या बोटांपाशी अडे. आधीच्या बांगड्या एकेक करून पिचल्या, आणि मग एका हातात डझनभर तर दुसऱ्यात मोठ्या मापाची एकच, असे आईचे हात आम्ही शेवटपर्यंत पाहिले. चार बायकांत बसताना उजवा हात पदराखाली असे.

त्या शिरा नव्हत्या. ती कातडी होती. भाजलेली जागा भरताना तिच्यात अशा पेशी येतात ज्या स्नायूंप्रमाणे स्वतः आकुंचन पावतात. जिनीव्हाच्या गाबियानी यांनी त्यांचे वर्णन १९७१ साली केले, म्हणजे आमची कढई कलंडण्याच्या दोन वर्षे आधी. वण पुढे कित्येक महिने ओढत राहतो. त्या काळात बोटे सरळ बांधून ठेवली, रोज ताणली, तर पुष्कळसे वाचते. नाही वाचले तरी वण मोकळा करण्याच्या शस्त्रक्रिया तेव्हाही होत्या. वणाच्या दोन अंगांना झेड अक्षरासारखे छेद घेऊन दोन त्रिकोणी झडपा अदलाबदल करायच्या. कोन ६० अंशांचे ठेवले तर कागदावरच्या हिशेबाने त्या रेषेची लांबी सुमारे ७५ टक्क्यांनी वाढते. नवी कातडी आणावी लागत नाही. शेजारची सैल कातडी लांबीच्या कामाला लावायची. त्याच वर्षांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया कुष्ठरोगाने आणि भाजण्याने वाकडे झालेले हात-चेहरे दुरुस्त करत होते. आमच्या शहरात घाटीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६पासून होते. पण दोन बोटे वाकली म्हणून गाव सोडून दवाखान्यात जावे, असे घरात कोणाच्या मनातही आले नाही. आणि वर्षे गेली तसा दोष कातडीपुरता राहिला नसणार. वाकलेल्या सांध्याचे वेष्टण, कंडरा, सगळ्यांनीच हळूहळू तो आकार पत्करला असणार. कातडीने सुरू केले आणि सांध्याने ते कायम केले. विद्यार्थिनीला आम्ही हे सांगितले तेव्हा ती थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "पहिल्या सहा महिन्यांत आल्या असत्या तर..." आणि वाक्य तिने तेथेच सोडले.

२००४ साली आई गेली. तिचे हात जोडून ठेवताना ती दोन बोटे जुळली नाहीत. आम्ही तेथे होतो. तेव्हाही आम्हाला वाटले, शिरा.

आता हे सगळे साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे का मांडायचे? एक कारण आहे, आणि ते आमच्या व्यवसायाला लागून आहे. नवव्या-दहाव्या शतकाच्या संधिकाळी होऊन गेलेल्या राजशेखराने 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुषाचे रूपक रचले आहे. हा राजशेखर आपल्याला परका नाही. आपल्या घराण्यातल्या पूर्वजाचा उल्लेख तो महाराष्ट्राचा चूडामणी असा करतो, आणि त्याच्या काव्यपुरुषाचा साहित्यविद्येशी विवाह लागतो तो विदर्भातल्या वत्सगुल्मात, म्हणजे आजच्या वाशीमला. या काव्यपुरुषाचे शरीर शब्द आणि अर्थ यांचे. संस्कृत हे मुख, प्राकृत हे बाहू, अपभ्रंश जघन, पैशाची पाय. रस हा आत्मा, छंद म्हणजे अंगावरचे रोम, आणि अलंकार ते अलंकारच. हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर मांडून शिकवले. या खेपेस, हातावर गरम पाण्याचा टॉवेल ठेवून ते आठवत असताना ध्यानात आले, की या पुरुषाला रोम आहेत, पण ते ज्यात रुजावेत ती त्वचा त्या यादीत नाही. आणि इतक्या वर्षांत ना आम्हाला, ना एका विद्यार्थ्याला, तिची उणीव भासली.

ती भासणार कशी? 'वरवरचे' हा शब्द आमच्या लाल पेनचा आवडता शब्द होता. एखाद्या मुलीने कवितेतली वाक्ये कोठे तुटतात, क्रियापद कोठे थांबते, एकच प्रत्यय किती ओळींवर पुन्हा येतो, हे मोजून लिहिले की आम्ही समासात लिहीत असू: 'वरवरचे. आशयाकडे वळा.' अशी एक उत्तरपत्रिका आम्हाला चांगली आठवते. त्या मुलीने कवितेचे हाड कोठे मोडले आहे ते वरून चाचपून बरोबर सांगितले होते, कॉलिसने सांगितले तसे. आम्ही तिला काठावरचे गुण दिले. आतला अर्थ अडला तर तो आतच कशाने तरी अडला असणार, ही आमची खात्री होती. जी खात्री घेऊन आम्ही पहिल्या दिवशी 'आत, सांध्यात' असे सांगितले, तीच.

उपमा फार ताणू नये, हेही आम्हीच शिकवले आहे. एका मर्यादेनंतर कातडीप्रमाणे तीही पांढरी पडते. भाषेची वाक्ये म्हणजे कातडी आणि आशय म्हणजे हाड, असा सिद्धांत आम्हाला मांडायचा नाही. सांध्याला आणि व्याकरणातल्या जोडाला आपण 'संधी' हा एकच शब्द वापरतो, एवढ्यावर इमारत उभी करण्याचा मोहही आम्ही आवरतो. म्हणायचे आहे ते लहान आहे. जे बाहेरून दिसते त्याचा वाटा किती, हे ठरवण्याआधी ते नीट पाहिलेले असावे. आणि कोणी तो दोन टक्के सांगितला, तर मांजर धडधाकट होती का, हे विचारावे. आईच्या हाताकडे आम्ही तीस वर्षे पाहत होतो, आणि आतल्या शिरांविषयी आमची खात्री असल्यामुळे वरची कातडी आम्हाला दिसली नाही.

सध्या आमचा दिनक्रम असा आहे: सकाळी कोमट पाण्यात हात, मग तेल, मग पाठीवरची कातडी अंगठ्याने पुढे-मागे, आडवी-उभी सरकवणे, मग मुठी. सकाळी पहिली मूठ अजूनही कुरकुरते. सही जमते, बँकेने ती दोनदा परत केली, तिसऱ्यांदा स्वीकारली. परवा विद्यार्थिनीने नेहमीप्रमाणे पट्टी काढून बोटाच्या टोकापासून तळव्यापर्यंतचे अंतर मोजले. पहिल्या दिवशी ते चार सेंटिमीटर होते. आता करंगळीचे आणि अनामिकेचे अर्धा सेंटिमीटर उरले आहे, बाकीची टेकतात.

"एवढं राहिलं तर चालेल ना?" आम्ही विचारले.

"नाही चालणार, सर," ती म्हणाली, आणि वहीत आकडा लिहून तिने पुन्हा मूठ करायला लावली.